गाणी लावून अभ्यास करावा का? कशाला काय लावायचं आणि कधी बंद करायचं

दहावी-बारावीची पोरं असू देत, नीटवाली असू देत नाहीतर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणारी एमपीएससीवाली, निम्म्या पोरांच्या कानात हेडफोन असतोच. घरात आई म्हणते गाणी ऐकत कुठं अभ्यास होतो होय, आणि पोरगं म्हणतं गाण्याशिवाय माझं मनच लागत नाही. मी बरीच वर्षं पोरांना शिकवतोय, या विषयावर जे संशोधन झालंय ते जमेल तसं वाचत आलोय, आणि माझं मत असं की दोघांचंही निम्मं बरोबर आहे. समोर कुठला अभ्यास आहे ते आधी बघायचं आणि मग कानात काय घालायचं ते ठरवायचं, बाकी सगळं यातूनच निघतं. कसं करायचं ते खाली सविस्तर सांगतो, घाई करू नका, एकेक करून बघा.

आधी ते मोझार्टचं काय ते बघू

"मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते" हे तुम्ही कुठंतरी ऐकलंच असेल, पालक लोक तर लै विश्वासानं सांगतात. मूळ प्रयोग १९९३ चा, फ्रान्सिस रॉशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या ३६ पोरांवर केलेला, 'नेचर' मासिकात छापून आलेला. पोरांना १० मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला आणि लगेच कागदाच्या घड्या, आकार वगैरे डोळ्यासमोर आणायची कोडी दिली, तर ती कोडी जरा बरी सुटली. आणि तो फरक टिकला किती, तर १० ते १५ मिनिटं. बस्स, एवढंच होतं. पण बातमी एवढी पसरली की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी १९९८ मध्ये नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले!

पुढं इतरांनी तपासलं तेव्हा कळलं की यात मोझार्टचं खास काहीच नाही. ऐकून मूड चांगला होतो, अंगात जरा तरतरी येते आणि त्यामुळं पुढची थोडी मिनिटं डोकं बरं चालतं. एका प्रयोगात तर नुसती गोष्ट ऐकवली आणि ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंच फायदा झाला. ही एवढी गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, संगीताचा खरा उपयोग अभ्यासाला बसायच्या आधी आहे. अभ्यास चालू असताना काय होतं ते वेगळं प्रकरण.

अभ्यास चालू असताना डोक्यात काय होतं

काम करता करता माहिती थोडा वेळ धरून ठेवायची जी सोय डोक्यात असते तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची रचना मांडली, त्यात बोललेल्या शब्दांसाठी एक वेगळा भाग सांगितला. आपण मनात वाचतो तेव्हासुद्धा शब्द तिथंच मनातल्या मनात उच्चारले जातात. आता त्याच वेळी कानातून गाण्याचे शब्द आले की तेही तिथंच घुसतात, म्हणजे एका माईकवर दोघंजण एकदम बोलायला लागली तर जे होईल ते. आणि "माझं लक्ष गाण्याकडं नसतंच ओ सर" हे पोरं अगदी मनापासून सांगतात, पण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, शब्द आत जातातच.

माझ्याकडची बारावीची एक मुलगी इतिहासाचं उत्तर लिहीत होती, कानात गाणं. वही तपासताना बघतो तर "ब्रिटिश सरकारने" च्या पुढं "साजणा" लिहिलेलं, खोडलेलंही नाही, कारण तिला ते दिसलंच नव्हतं. पुढचं वाक्य परत व्यवस्थित सुरू. ते उत्तर तिला दोन दिवसांनी विचारलं तर पहिले दोन मुद्दे आले आणि नेमकं तिथून पुढचं गायब.

वेल्समधल्या निक पेरहॅम आणि जोआन विझार्ड यांचा २०११ चा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायचा होता, कधी शांततेत, कधी आवडतं संगीत लावून, कधी नावडतं लावून. शांततेत चांगलं आठवलं आणि संगीतात घसरलं, आवडतं आणि नावडतं दोन्हीत सारखंच. म्हणजे "माझं फेवरेट आहे म्हणून मला त्रास होत नाही" हे खरं नाही. पण त्याच प्रयोगात एकच शब्द एकसारखा परत परत वाजवला तेव्हा जवळजवळ शांततेइतकंच चांगलं जमलं! आवाजानं जितकं बिघडत नाही तितकं सतत बदलणाऱ्या आवाजानं बिघडतं. हे पुढं हॉस्टेलवाल्यांना उपयोगी पडणार आहे.

पायरी १: अभ्यासाचे ढीग करा

संध्याकाळी बसायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर आज काय काय करायचं ते लिहा आणि प्रत्येकापुढं एक खूण करा.

पहिला ढीग शब्दांचा आणि नवीन समजून घ्यायचा. धडा पहिल्यांदा वाचणं, व्याख्या, पाठांतर, निबंध, इतिहास-नागरिकशास्त्राची उत्तरं लिहिणं, बायोलॉजीतली नावं, नवीन गणिताची पद्धत शिकणं, राज्यघटनेची कलमं. इथं गाणं बंद, काही सबबी नाहीत.

दुसरा ढीग सरावाचा, म्हणजे पद्धत आलेली आहे आणि हात बसवायचा आहे. एकाच प्रकारची २०-२५ गणितं, अकाउंटच्या जर्नल एंट्र्या, केमिस्ट्रीची समीकरणं बॅलन्स करणं. इथं शब्द नसलेलं हळू संगीत चालतं, ज्याला चालतं त्याला. गणित अडलं की आधी आवाज बंद, मग विचार.

तिसरा ढीग हाताच्या कामाचा. प्रयोगवही उतरवणं, आकृत्यांना रंग देणं, नकाशा भरणं, इंजिनिअरिंगवाल्यांच्या शीट, सबमिशनची फाईल लावणं, दप्तर-टेबल आवरणं. इथं खुशाल गाणी लावा, शब्दांची लावा, मोठ्यानं म्हणा, नाचा. कंटाळवाण्या कामात गाणं माणसाला टिकवून धरतं आणि पोरं उगाच रात्री २ पर्यंत फाईल लांबवत बसत नाहीत.

बहुतेक पोरांचा घोळ असा होतो की तिसऱ्या ढिगात गाण्याचा फायदा झालेला असतो, काम झटझट उरकलेलं असतं, आणि तोच अनुभव धरून पहिल्या ढिगालाही गाणं लावतात. पालकांनी पण "गाणी बंद कर" म्हणायच्या आधी "आत्ता काय चाललंय?" एवढं विचारलं तरी घरातली निम्मी भांडणं मिटतील.

पायरी २: दुसऱ्या ढिगाला काय लावायचं

शब्द नकोत हे झालंच. न समजणाऱ्या भाषेतलं लावलं तर चालतं का असं पोरं हमखास विचारतात, तमिळ, कोरियन वगैरे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना जर्मन वाचन ऐकवत अक्षरं लक्षात ठेवायला लावली होती, जर्मन ज्यांना येत नव्हतं त्यांचंही बिघडलं. त्यामुळं भाषा कळत नाही म्हणून सुटका नाही, त्रास थोडा कमी एवढंच.

बासरीवर वाजवलेली सिनेमाची गाणी चालतील असं वाटतं, पण मला ती नको वाटतात. चाल ओळखीची असली की शब्द आपोआप डोक्यात येतात, तुम्हीच गायला लागता. त्यापेक्षा जे पाठ नाही ते लावा. संतूर, सरोद, बासरी यांचा आलाप, संथ पियानो, नाहीतर लोफाय, म्हणजे संथ ठेक्याचं बिनशब्दांचं संगीत. द्रुत गत, म्हणजे जलद लयीतलं वादन, आणि तबल्याची साथसंगत सुरू झाली की बंद करा, कारण जलद आणि मोठं संगीत वाचनातलं आकलन बिघडवतं हे प्रयोगात दिसलंय.

आता कोल्हापूरचा माणूस म्हणून एक मनातलं सांगतो. मोठे ख्याल गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला या गावात होते, गायन समाज देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून इथं आहे, एवढं गाणं या मातीत आहे. तेव्हा ख्याल गायकी अभ्यासाच्या मागं लावून तिचा आणि अभ्यासाचा दोन्हीचा अपमान करू नका, ती स्वतंत्र वेळ काढून ऐका. पण खाँसाहेबांच्या गाण्यामागं जो तानपुरा असतो ना, तो अभ्यासाला लै उत्तम. एकसारखा, शब्द नाहीत, चाल नाही, पुढं काय येणार याची उत्सुकता नाही. तानपुऱ्याची ॲप फुकट मिळतात, पांढरी चार (पेटीवरची चौथी पांढरी पट्टी) किंवा तुम्हाला बरा वाटेल तो सूर लावा आणि आवाज अगदी बारीक ठेवा.

पायरी ३: आठवडाभर स्वतःवर करून बघा

हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण माणसामाणसात फरक आहे. ॲड्रियन फर्नहॅम यांच्या १९९७ च्या प्रयोगात पॉप संगीत चालू असताना अबोल स्वभावाच्या मुलांचं बोलक्या मुलांपेक्षा जास्त बिघडलं. त्यामुळं थोरल्याला चालतं म्हणून धाकटीला चालेल असं नाही, आणि मित्राचं बघून तर अजिबात ठरवू नका.

करायचं असं. एकच विषय घ्या, एकच वेळ, समजा रोज संध्याकाळी ७. एक दिवस शांततेत, एक दिवस संगीत लावून, असं आलटून पालटून सहा दिवस. रोज तेवढ्याच लांबीचा भाग ३० मिनिटं वाचायचा, पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भागावरचे १० प्रश्न, शक्यतो जुन्या बोर्डाच्या पेपरमधले नाहीतर दादा-ताईनं काढून दिलेले, न बघता लिहायचे आणि गुण मांडायचे. वाचून झाल्या झाल्या "आज किती चांगला अभ्यास झाला असं वाटतंय" त्यालाही दहापैकी गुण द्या आणि ते शेजारी लिहा. ही दुसरी रांग लै शिकवून जाते, कारण संगीताच्या दिवशी वाटण्याचे गुण जास्त आणि उत्तरांचे गुण कमी असं बऱ्याच पोरांचं निघतं. गाण्यानं मन रमलेलं असतं म्हणून अभ्यास झाला असं वाटतं. तुमचं उलटं निघालं तर उलटं धरा, तुमचा कागद खरा.

पायरी ४: मोबाईलचा बंदोबस्त

खरा वेळ गाण्यात जात नाही, गाणं निवडण्यात जातो. "एक चेंज करतो" म्हणून मोबाईल हातात घेतला की व्हॉट्सॲपचा आकडा दिसतो, मग रील, मग २० मिनिटं गेली. म्हणून रविवारी दुपारी बसून ४०-४५ मिनिटांची एक यादी करून ठेवा, डाऊनलोड करा, एरोप्लेन मोड लावा, प्ले दाबा आणि मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. यूट्यूबवर थेट लावू नका, मध्येच मोठ्या आवाजात जाहिरात येते आणि लागलेली तंद्री मोडते. यादी संपली की उठायचं, तोच तुमचा गजर. शफल नको, रोज तीच यादी तोच क्रम असू दे, ओळखीचं झालं की कान तिकडं ताणला जात नाही. घरात जुना एमपीथ्री प्लेअर किंवा पेनड्राईव्हचा स्पीकर पडला असेल तर त्याहून भारी काही नाही.

पायरी ५: आवाज किती

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगते, लहान मुलांसाठी ७५. आवाज वाढला की वेळ झपाट्यानं कमी होतो, ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास. मीटर नसला तरी हाताच्या अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर तुम्हाला कळलं पाहिजे आणि मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

पायरी ६: शांतता मिळतच नाही त्यांनी काय करायचं

"शांततेत वाचा" सांगणं सोपं आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उभी केली, तेव्हापासून खेड्यापाड्यातली पोरं कोल्हापुरात खोली करून शिकत आलीत, आणि तीन-चार जणांच्या खोलीत एकजण फोनवर बोलतोय, एकाचा व्हिडिओ लेक्चर चालू आहे, खाली गाड्यांचे हॉर्न, ही रोजची परिस्थिती. गणपतीत तर बोलायलाच नको, डॉल्बी लागला की खिडकीच्या काचा थरथरतात.

इथं मघाचा एकसारख्या आवाजाचा मुद्दा कामाला येतो. शेजारच्याचं बोलणं हा सगळ्यात वाईट आवाज, कारण तो शब्दांचा आणि सारखा बदलणारा. त्याच्यावर एकसारखा आवाज पांघरायचा. पंखा मोठा करा. पावसाचा, धबधब्याचा, व्हाईट नॉईजचा (रेडिओ स्टेशन न लागल्यावर येते तशी एकसारखी खरखर) किंवा त्याहून खालच्या पट्टीतल्या ब्राऊन नॉईजचा तासभराचा ट्रॅक डाऊनलोड करा, बोलणं कळेनासं होईल इतपतच आवाज ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर आपला कोल्हापूरचा पाऊस तासन् तास पडतो तेव्हा तर काही लावायची गरजच नाही, तो वेळ पाठांतराला वापरा. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, बोटांनी पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. बरेचजण नुसते वर टेकवतात आणि म्हणतात उपयोग नाही.

लाऊडस्पीकरबद्दल नियमही माहीत असू दे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. परीक्षेच्या दिवसांत कुणी रात्री लावलंच तर आधी गल्लीतल्या थोरल्या माणसाला बरोबर घेऊन जाऊन नीट सांगा, बहुतेक वेळा मंडळाची पोरं ऐकतात, त्यांच्याही घरात कुणीतरी परीक्षेला असतंच. नाही ऐकलं तर ११२ आहेच. आणि शक्य असेल तर वाचनाचे तास वाचनालयात काढा, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, विद्यापीठातल्या पोरांना तर एवढं मोठं ग्रंथालय आहे.

पायरी ७: गाण्याला त्याची स्वतःची वेळ द्या

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हे. गाणं काढून घेऊ नका, जागा बदला. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या गाण्यानं अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, एवढी ताकदीची गोष्ट आहे ती. बसायला कंटाळा आला असेल तर दोन आवडती गाणी लावा, शब्दांची, मोठी, नाचायची, काय पाहिजे ती. संपली की लगेच पुस्तक उघडायचं, मध्ये मोबाईल नाही. मग ४०-४५ मिनिटं पहिला ढीग शांततेत. मग १० मिनिटं उठून गाणं, गच्चीवर एक फेरी. परत बसायचं. असं केलं की शांततेतली ४५ मिनिटं जड जात नाहीत कारण पुढं गाणं येणार हे माहीत असतं. परीक्षेच्या ताणात तर रंकाळा तलावावर अर्धा तास गाणी ऐकत चालणं मी स्वतः पोरांना सांगतो.

झोपताना मात्र जपून. बेलर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात झोपायच्या आधी ऐकलेली चाल रात्री डोक्यात घोळत राहते आणि झोप बिघडते असं दिसलं, आणि ओळखीच्या गाण्यांची नुसती वाद्यांवरची चाल जास्त घोळली. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, त्यामुळं झोपायच्या आधीचा तास गाण्याशिवाय.

पायरी ८: पाठांतरच गाण्यात घाला

मागं वाजणारं गाणं वेगळं आणि ज्या गाण्यात अभ्यासच आहे ते वेगळं. आपल्या आज्या ओव्या म्हणायच्या, आपण पाढे चालीत म्हटले, ते उगाच नाही. साधी आणि परत परत तीच येणारी चाल असेल तर मजकूर जास्त चांगला आठवतो हे प्रयोगातही दिसलंय. आणि कोल्हापूरकराला चाल शोधायला कुठं जायला नको, पोवाडा आहे. शाहू महाराजांवरच्या प्रश्नासाठी आम्ही वर्गात असं जुळवलं होतं:

अठराशे चौऱ्याण्णव साली, शाहूराजा गादीवर आला, जी रं जी जी
एकोणीसशे दोन सालाला, निम्म्या जागा मागासांना, जी रं जी जी
एकोणीसशे सतरा सालाला, फुकट शाळा सक्तीची केली, जी रं जी जी

वृत्त बित्त काही नाही, पण वर्गातल्या एकाचंही साल चुकलं नाही. एक अट आहे, चाल तीच ठेवायची आणि दर धड्याला वेगळी नको, आणि दोनचार दिवसांनी चाल सोडून नुसतं लिहून बघायचं, कारण पेपरात गाता येत नाही.

पायरी ९: परीक्षा जवळ आली की

पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवरचा १९७५ चा एक प्रयोग आहे, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच चांगले आठवले आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. जिथं शिकलो तिथली परिस्थिती आठवणीला चिकटते. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास शांतता असते, पंखा आणि सुपरवायझरच्या चपला सोडल्या तर. म्हणून बोर्डाची पोरं असतील तर डिसेंबरपासून दुसऱ्या ढिगातलंही संगीत हळूहळू कमी करा, आणि जानेवारीत सराव पेपर सोडवताना तर कानात काहीही नको, पूर्ण तीन तास, घड्याळ लावून. सवय नसलेल्या पोरांना ती शांतताच अंगावर येते, पहिला अर्धा तास चुळबुळ होते, ती चुळबुळ जानेवारीत घरी होऊ दे.

पेपरच्या दिवशी सकाळी गाणं ऐकायचंच असेल तर लवकर आणि बिनशब्दांचं, केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर शब्दांचं चिकट गाणं नको, ते हॉलमध्ये डोक्यात वाजत बसतं. आदल्या दिवसांत असं गाणं अडकलंच तर रेडिंग विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगातला उपाय करून बघा, च्युइंगम चघळा, तोंड हलत राहिलं की मनातल्या मनात गाणं म्हणणं अवघड जातं. हॉलमध्ये च्युइंगम चालत नाही, तिथं प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न ओठ हलवत, आवाज न करता, पूर्ण वाचायचा.